चालू इंजिनातली सही

सही खरी की खोटी हे ठरवताना मी सहीकडे सगळ्यात शेवटी पाहते. आधी कागद पाहते, मग शाई, मग जमलं तर कागदाची मागची बाजू. सही आधी पाहिली की माणूस तिच्या प्रेमात पडतो आणि मग त्याला काहीच दिसत नाही.

हे शहाणपण मला एका जुन्या नटाच्या फोटोने शिकवलं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी तो ऑनलाइन घेतला होता. कृष्णधवल फोटो, त्यावर निळ्या शाईतली ऐटबाज सही. घरी आल्यावर सहज भिंगाखाली धरला, तर सहीची रेष बारीक बारीक ठिपक्यांनी बनलेली होती. ठिपके म्हणजे छपाई. पेनाची रेष कधी ठिपक्यांची नसते. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी मी आणखी मोठं भिंग मागवलं.

तेव्हापासून हा नाद लागला. देवळीला घरीच बसून मी एका कंपनीसाठी इंग्रजी मजकूर तपासते. काम संपलं की जुन्या सह्या तपासते. मला बोलायला फारसं आवडत नाही. वर्ध्याच्या इंग्रजी शाळेत मराठी बोललं की मॅडम रागवायच्या आणि घरी इंग्रजी बोललं की सगळे हसायचे, त्यामुळे मधल्या जागेत गप्प बसायची सवय लागली ती लागलीच. सह्यांचं मात्र बरं असतं. एखाद्या माणसाचा हात कसा वळतो, कुठे घाई करतो, कुठे मिरवतो, हे तासभर निरखलं तरी तो माणूस आपल्याकडे वळून पाहत नाही. सह्या जमवणाऱ्यांच्या एका ऑनलाइन गटात लोक मला फोटो पाठवतात आणि विचारतात, घेऊ का? मी लिहून कळवते. तिथे मी बरीच धीट आहे.

माझी आत्या माझ्या अगदी उलट. ती आंजीला राहते, ब्लाऊज शिवते आणि बोलते. मशीन थांबली तरी बोलणं थांबत नाही. तिच्याकडे एकच गोष्ट अशी होती जी सगळ्या नातेवाइकांना पाठ होती, आणि जिच्यावर कोणाचाच विश्वास नव्हता.

गोष्ट अशी. आबा, म्हणजे माझे आजोबा, वर्धा स्टेशनवर टॅक्सी चालवायचे. गोल पाठीची पांढरी डिझेल गाडी. आत्या अकरा वर्षांची असताना एक फार मोठी गायिका देवळीला कार्यक्रमासाठी आली आणि तिला स्टेशनवरून आणायचं काम आबांना मिळालं. आजी माहेरी गेली होती, पोरीला कोणाकडे ठेवणार, म्हणून आबांनी आत्याला पुढच्या सीटवर पेटीवाल्याशेजारी बसवून घेतलं. देवळी जवळ आल्यावर जिनिंगच्या कारखान्यासमोर कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागली होती. गाडी थांबली. तेवढ्यात आत्याने सही मागितली. आबांनी डॅशबोर्डमधली ट्रिपची डायरी पुढे केली, गायिकेने तिच्यात सही केली आणि वर एक ओळही लिहिली. आत्याच्या म्हणण्याप्रमाणे ती ओळ होती, "गळा सांभाळ, सोन्यासारखा आहे."

पुढे आबांचे गुडघे गेले, गाडी विकली, डायरी गाडीतच राहिली. पुरावा काही उरला नाही. साक्षीदार म्हणावा तर बाबा तेव्हा दोन वर्षांचे होते आणि आजीबरोबर माहेरी गेले होते. दर लग्नात, दर बारशात आत्या ही गोष्ट सांगायची आणि बाबा मागून म्हणायचे, "हिले तर रस्त्यानं कोणीबी भेटते. काल यष्टीत पंतप्रधान भेटले होते." सगळे हसायचे. आत्याही हसायची. पण मी तिच्याकडे पाहत असायची, आणि मला दिसायचं की ती बाकीच्यांपेक्षा थोडी आधी हसायची थांबते.

मागच्या वर्षी गणपतीच्या तोंडावर समुद्रपूरला एक बारसं होतं. बाबा, आत्या आणि मी बाबांच्या जुन्या जीपने गेलो. बाबांचं देवळीत गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे, त्यामुळे ती जीप म्हणजे दुकानात न खपलेल्या भागांची बेरीज आहे असं आई म्हणते. येताना जामला चहासाठी थांबलो. हायवेवर एक नवा ढाबा झाला होता. दारात फोटो काढायला म्हणून एक जुनी पांढरी गाडी उभी केलेली, टपावर कुंड्या, नंबरप्लेटच्या जागी ढाब्याचं नाव.

बाबा चहा सांगायला गेले ते परत येईनात. मी पाहिलं तर ते त्या गाडीच्या मागच्या दाराजवळ उकिडवे बसले होते. त्या दाराला गाडीची मूठ नव्हती. कपाटाची पितळी मूठ होती.

"बाई," त्यांनी आत्याला हाक मारली, "इकडे ये. हे आबाची गाडी होय."

ती मूठ आबांनी स्वतः बसवली होती. लाकडी कपाट मोडलं तेव्हाची. आत्याने त्या मुठीवर हात ठेवला आणि एकदम सुरूच झाली, गाडी कुठे उभी राहायची, पावसात कुठून गळायची, कोणत्या सीटवर कोण बसायचं. मालक बाहेर आला. कपाळावर चष्मा चढवलेला, बोलघेवडा माणूस. त्याने गाडी हिंगणघाटच्या एका गॅरेजातून घेतली होती. तो आम्हाला आत घेऊन गेला, कारण आत त्याने दुकान मांडलं होतं. पितळी डबे, जुने रेडिओ, आणि एका भिंतीवर काचेच्या चौकटीत मोठ्या लोकांच्या सह्या. विकायला.

तिसऱ्या ओळीत त्या गायिकेची सही होती.

आत्या बाबांकडे वळून म्हणाली, "पाह्य, म्या म्हणत होती ना."

बाबांनी मालकाला विचारलं की ही सही गाडीत सापडली का. मालक म्हणाला, नाही, सगळा माल एका पार्टीकडून आला आहे, सगळा ओरिजिनल. काच उघडून दाखवा म्हटलं तर तयार होईना. घेणार असाल तरच उघडतो, म्हणाला, लोक उघडून पाहतात आणि निघून जातात, काच बसवायला मलाच लागते.

मग बाबा माझ्याकडे वळले. चेष्टेत नाही, खरोखर. "तू सांग. तुले कळते यातलं."

आत्या माझ्याकडे पाहत होती. मालकही पाहत होता. बारशाहून परतणारं आणखी एक कुटुंब चहाचे कप घेऊन उभं होतं, तेही पाहू लागलं. मी चौकटीजवळ गेले.

पहिल्याच ओळीत एका नटाच्या सहीच्या दोन चौकटी होत्या. दोन्ही सह्या शेवटच्या फटकाऱ्यापर्यंत तंतोतंत सारख्या. कोणत्याही माणसाची सही दोनदा तंतोतंत सारखी येत नाही. म्हणजे त्या छापील होत्या, म्हणजे मालकाच्या 'ओरिजिनल'ला अर्थ नव्हता. गायिकेची सही छापील नव्हती, शाई खरी होती. पण कागदाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर पिवळा डाग होता. कागद जुना दिसावा म्हणून लोक त्याला चहाचं पाणी लावतात, हे मी डझनभर वेळा पाहिलं होतं. आणि मुख्य म्हणजे रेष थरथरत होती. गायिकेच्या इतर सह्या मी पाहिल्या होत्या. एका दमात केलेल्या, वाऱ्यासारख्या. समोर ठेवून हळूहळू नक्कल करणाऱ्याचा हात थरथरतो. पुस्तकात पहिलं लक्षण हेच दिलेलं असतं.

"मला ही खरी वाटत नाही," मी म्हणाले. हळू म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

मालक म्हणाला, "ताई, बोर्ड तरी लावा तुमचा, तपासणी करून मिळेल म्हणून."

आत्या फक्त "बरं" म्हणाली. आत्याच्या तोंडून एका शब्दाचं वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मी मोबाइलवर सहीचा फोटो काढून घेतला, का ते मला माहीत नव्हतं, आणि आम्ही निघालो.

नंतरच्या महिन्यात आत्याने ती गोष्ट सांगणं बंद केलं. गौरीजेवणाला आंजीच्या एका शेजारणीने मुद्दाम विषय काढला, तर म्हणे आत्याने "जुनी गोष्ट झाली ते" म्हणून पोळी वाढायला घेतली. आईने फोनवर ऐकलेलं हे मला सांगितलं तेव्हा मला कसंतरी झालं. बाबांनी इतकी वर्षं थट्टा केली तरी ती गोष्ट टिकून होती. मी, घरातली सगळ्यात कमी बोलणारी, चार शब्द बोलले आणि ती बंद पडली. त्यातही वाईट म्हणजे मला माझं उत्तर बरोबर वाटत होतं.

दसऱ्याला आत्या आमच्याकडे आली. बाबांची दसऱ्याची पूजा म्हणजे मोठा पसारा. जीप धुऊन तिला झेंडूचा हार, मग नटबोल्टचे पाने, हातोडे, जॅक, दुकानातलं बिलबुक, आईचा मिक्सर, सगळ्यांना हळदीकुंकू. दरवर्षी ते माझ्या लॅपटॉपलाही बोट लावतात. "तुह्यं अवजार हेच ना," म्हणतात. आणि दरवर्षी ते गेले की मी गुपचूप पुसून टाकते.

या वेळी पुसायला फडकं घेतलं आणि थांबले. लॅपटॉपच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर बाबांच्या अंगठ्याचा पिवळा ठसा होता. लांबट, एका बाजूला दाट, दुसऱ्या बाजूला पुसट, आणि वर कुंकवाचा कण.

मी मोबाइल काढला. जामचा तो फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. चहाचं पाणी वाळलं की डागाच्या कडेला गडद रेघ उरते. या डागाला कडाच नव्हती. तो लांबट होता, एका बाजूला दाट, आणि मधोमध एक तांबूस ठिपका. मी नुसतं पिवळं पाहिलं होतं आणि चहा म्हणून मोकळी झाले होते. ज्या घरात दरवर्षी माझ्या लॅपटॉपला हळद लागते त्या घरात वाढून.

बाबा अंगणात जीपच्या टायरपुढे लिंबू ठेवत होते. मी विचारलं, आबा ट्रिपच्या डायरीची पूजा करायचे का?

"पह्यली पूजा डायरीचीच," बाबा म्हणाले. "त्या दिवशी जे कोरं पान निघन त्याले बोट लावत. मंग त्या पानावर वर्षभर काई लिहत नव्हते. पूजेचं पान म्हणून कोरं ठेवत."

आत्या ओट्यावर बसून आपट्याच्या पानांचे गठ्ठे करत होती. तिचे हात थांबले. ती म्हणाली की तेच पान. गायिकेने कोरं पान मागितलं, तर आबांनी पूजेचं पान काढून दिलं होतं. दसरा होऊन चारच दिवस झाले होते, कापूस नुकता निघायला लागला होता. हे तिने आम्हाला कधी सांगितलं नव्हतं, कारण आम्ही कधी विचारलं नव्हतं. आम्ही नेहमी हसण्याच्या ठिकाणी हसायचो आणि पुढे जायचो.

म्हणजे तो डाग हळदीचा होता. पण सहीतली थरथर होतीच. मी आत्याला विचारलं, सही केली तेव्हा गाडी चालत होती का?

"उभी होती ना. बंड्यायची रांग होती. सांगतलं तुले शंभरदा."

उभी. म्हणजे गेलं. उभ्या गाडीत हात हलत नाही. मी परत आत जायला निघाले, तेवढ्यात आत्या आपल्याच नादात पुढे म्हणाली, "उभी म्हणजे, घरघर चालू होती तिची. आबा सवारी असली की इंजन बंद करतच नव्हते. सेल्फ उचलत नव्हता ना. बंद झाली की धक्का माराले लागे. आता एवढी मोठी बाई, तिले काय धक्का मारा म्हनान?"

बाबांनी लिंबू खाली ठेवलं. त्यांना माझ्याआधी कळलं. गाड्यांचं त्यांना माझ्याआधीच कळणार. ते जीपमध्ये चढले आणि त्यांनी इंजिन चालू केलं. झेंडूचा हार थरथरायला लागला.

मग आमच्याकडे जे झालं ते गल्लीतल्या लोकांना अजून समजलेलं नाही. हार घातलेल्या, उभ्या, घरघरणाऱ्या जीपमध्ये आम्ही तिघं बसलो आणि मांडीवर बिलबुक ठेवून सह्या करत सुटलो. आई पण आली. माझी सही बँकेपुरतीच आहे म्हणत तिनेही चार केल्या. शेजारचे काका सोनं द्यायला आले, त्यांच्याकडूनही एक घेतली. त्यांना वाटलं कसला तरी अर्ज आहे. त्यांनी तारीखसुद्धा घातली.

मी ती पानं घेऊन भिंगाखाली बसले. नक्कल करणाऱ्याची थरथर वेडीवाकडी असते. वळणावर हात अडतो, शाईचा ठिपका साचतो, सरळ रेषेत मात्र तो सुटतो. आमच्या सह्यांत तसं नव्हतं. लाट सगळीकडे सारखी होती, वळणावर तेवढीच, सरळ रेषेत तेवढीच, आणि हात मात्र कुठे अडलेला नव्हता. शेवटचे फटकारे निमुळते, घाईचे. जामच्या फोटोत हेच होतं. वाऱ्यासारखी केलेली सही, फक्त खालून कोणीतरी हलवलेली.

मी बाहेर आले. सगळे जीपभोवतीच उभे होते. मला एकदम खूप लोक असल्यासारखं वाटलं, पण मी म्हणाले, "माझी चूक झाली आत्या. मला वाटतं ती खरी आहे."

आत्याने विचारलं, "वाटते का हाये?"

"काच उघडल्याशिवाय आहे म्हणता येणार नाही."

"मंग उघडू," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो. हार तसाच जीपवर होता. वाटेत सोयाबीनच्या गंज्या लागलेल्या, मळणी चालू होती, आत्या सबंध रस्ता बोलत होती आणि मला ते फार बरं वाटत होतं. जामला पोचलो, आत गेलो, आणि तिसऱ्या ओळीत ती चौकट नव्हती. तिच्या जागी एका क्रिकेटपटूची सही होती.

आत्याने माझा दंड धरला. मी मालकाला विचारायला तोंड उघडलं, पण त्यानेच मला ओळखलं. म्हणाला, "या. बोर्डवाल्या ताई." चौकट विकली गेली नव्हती. मी खोटी म्हटल्यावर चार गिऱ्हाइकांसमोर त्याची शोभा झाली होती, म्हणून त्याने ती काढून बाहेर गाडीच्या मागच्या सीटवर टाकून दिली होती. आबांच्या गाडीच्या.

बाबांनी मला हळूच कोपर मारलं. त्यांचा हिशेब सरळ होता. मालक तिला खोटी समजतो आहे, तर त्याच समजुतीत ती घ्यावी आणि निघावं. बाबा बोलायला लागणार एवढ्यात आत्या मला म्हणाली, "आधी सांग त्याले."

"बाई, घेऊन तर होऊ दे," बाबा म्हणाले.

"नाई. हिनं इथं उभं राहून खोटी म्हटलं होतं. इथंच उभं राहून खरी म्हटलं पाह्यजे. मंग तो काय मागाचं ते मागू दे."

तेव्हा मला कळलं की आत्याला कागद नको होता. म्हणजे हवाच होता, पण त्याआधी तिला हे हवं होतं. चहा पिणारे पाच-सहा लोक होते. मी गटात लिहिते तशी वाक्यं मनात जुळवली आणि मालकाला सगळं सांगितलं. हळद, पूजेचं पान, चालू इंजिन, न उचलणारा सेल्फ. सेल्फपर्यंत आले तेव्हा एक ट्रकड्रायव्हर उठून जवळ आला आणि म्हणाला, बरोबर आहे, डिझेल गाडीत आम्ही डिलिव्हरीच्या कागदावर अशीच सही करतो. मला त्या माणसाचे आभार मानायचे राहिले.

मालक चष्मा कपाळावरून खाली घेऊन माझ्याकडे पाहत राहिला. मग हसला. "आता तुमच्यापासून काय लपवू. ते हिरोचे कागद दिल्लीवरून डझनानं येतात. हे एकच गाडीच्या डॅशबोर्डात होतं. डायरी वाळवीनं खाल्ली होती, एवढंच पान बरं निघालं."

मग तेव्हा का नाही सांगितलं, असं बाबांनी विचारलं.

"तुम्ही गाडी ओळखली ना काकाजी. म्हटलं, आता हे म्हणतीन, आमचीच वस्तू आमालेच विकून राह्यला."

बाबा इतके हसले की त्यांना खोकला आला. मालकाने चौकटीमागच्या चिठ्ठीवर लिहिलेल्या किमतीत एक रुपया वाढवला नाही. एकच अट घातली, काकूंनी गाडीजवळ उभं राहून एक फोटो काढून द्यायचा, तो त्याला भिंतीवर लावायचा होता. आत्याने लगेच पदर सारखा केला.

चौकट आम्ही गाडीतच उघडली. आत्या मागच्या सीटवर, गायिका बसली होती त्या बाजूला बसली, मी तिच्याशेजारी. बाबा पुढे, आबांच्या जागी, बंद गाडीचं स्टिअरिंग धरून. मालकाने खिळे काढून दिले. काचेखाली जाड पुठ्ठ्याची पट्टी चौफेर होती, तिने पानाचा वरचा भाग झाकला होता. मी सवयीप्रमाणे आधी कागद उलटा केला.

मागे आबांचं अक्षर होतं. शिसपेन्सिलीचं, डावीकडे कललेलं. बाबांनी ते दुकानाच्या जुन्या पाटीवर पाहिलेलं, मी आबांच्या पत्रांत. ओळ अशी होती: "वर्धा स्टेशन ते देवळी. गाणाऱ्या बाई. पेटीवाले एक. आपली पोरगी."

बाबा मागे वळून, मान लांब करून वाचत होते. त्यांनी दोनदा वाचलं. मग आत्याच्या गुडघ्यावर थाप मारली आणि पुढे पाहायला लागले.

आता मी कागद सुलटा केला. खाली हळद, मधे सही, आणि पट्टीखाली झाकली गेलेली वरची ओळ. तीही तशीच थरथरती. आत्याने चष्मा लावला नव्हता, म्हणून मलाच वाचायला सांगितली. मी वाचली आणि थांबले.

"वाच ना," आत्या म्हणाली. "गळा सांभाळ, सोन्यासारखा हाये. मले पाठ हाये."

मी मोठ्याने वाचलं. "फार बोलतेस. गळा सांभाळ."

पुढच्या सीटवरून बाबांचा आवाज आला. "आता मले भिंगाची गरज नाई. सही शंभर टक्के खरी. गाणाऱ्या बाईनं अर्ध्या घंट्यात हिले बरोब्बर ओळखलं."

आत्या हसायला लागली. तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी तिच्याकडे पाहत होते. या वेळी ती आमच्या सगळ्यांनंतर थांबली.

परतताना ती थोडा वेळ गप्प होती. मला वाटलं, 'सोन्यासारखा' हा शब्द गेला म्हणून वाईट वाटलं असेल. तसं नव्हतं, ती गोष्ट नव्याने जुळवत होती. वर्ध्याच्या अलीकडेच तिने ती पहिल्यांदा सांगून पाहिली, आम्हालाच. आता तिच्यात हळद होती, सेल्फ होता, वाळवी होती, ट्रकड्रायव्हर होता, आणि शेवटी गायिकेचा आवाज काढून ती ओळ. पूर्वीपेक्षा बरीच लांब झाली आहे, पण आता कोणी मधे बोलत नाही. बाबांचा चेष्टेचा हक्क गेला, याचं त्यांना थोडं वाईट वाटतं.

देवळीला घरासमोर मी उतरायच्या आधी आत्याने चौकट माझ्या मांडीवर ठेवली आणि मागच्या पुठ्ठ्यावर बोट ठेवलं. तिथे लिहून दे, म्हणाली, तपासली आणि खरी आहे. खाली तुझी सही कर. पुढे कोणी विचारलं तर मी कायले बोलू, तुह्यं नाव दाखवीन.

मी म्हटलं, घरात जाऊन नीट करते. "इथंच कर," आत्या म्हणाली, "मले आंजीची बस पकडायची हाये." बाबा तिला स्टँडवर सोडायला निघालेच होते, त्यांनी जीप बंद केली नव्हती. मी पेन काढला, "तपासली. खरी आहे." असं मराठीत लिहिलं आणि खाली सही केली. माझी सही तशी बारीक आणि सरळ असते. ही मात्र टोकापासून टोकापर्यंत थरथरती आली.

पुढे कधी कोणी भिंग घेऊन ती पाहिली, तर त्याला ती खोटी वाटेल. म्हणून इथे लिहून ठेवते, इंजिन चालू होतं.